जुन्या इंजिनातील कॅमशाफ्टची अकाली झीज
टॅपेटचे (कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हकडे पोहोचवणाऱ्या भागाचे) अंतर वारंवार जुळवूनही एकाच व्हॉल्व्हची टकटक परत येत असेल, तर कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचा, लोब (उंचवटा) झिजल्याची शंका घ्यावी. व्हॉल्व्ह कव्हर काढून, इंजिन हाताने फिरवत, डायल गेजने प्रत्येक व्हॉल्व्हची उचल मोजावी व ती इतरांशी ताडून पाहावी. सपाट म्हटल्या जाणाऱ्या टॅपेटचा तळ खरे तर किंचित फुगीर असतो. झिजल्यावर तो बशीसारखा खोलगट दिसतो. जुने टॅपेट नव्या कॅमशाफ्टवर बसवण्याची काटकसर करू नये. नव्या कॅमशाफ्टच्या लोबांना बसवताना मॉलिब्डेनमयुक्त पेस्ट लावावी, पुरेसे झेडडीडीपी (झीज रोखणारे जस्तयुक्त रसायन) असलेले ऑइल भरावे आणि इंजिन सुरू होताच ते आयडलवर न ठेवता सुमारे २० मिनिटे २००० ते २५०० आरपीएमवर चालवावे, कारण मंद गतीत लोबांवर ऑइलचे शिंतोडे पुरेसे उडत नाहीत.