बोहोलची प्रवाळदगडी चर्चं: भिंत कशी वाचायची, नोंद कशी घ्यायची

फिलिपिन्सच्या बोहोल बेटावरचं जुनं चर्च सहसा एका हाताचं नसतं. पहिला हात जेझुइटांचा, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातल्या पाद्रींचा. हुआन दे तोर्रेस आणि गाब्रिएल सांचेस हे दोघे १५९६ मध्ये बाकलायोनला उतरले तेव्हापासून १७६८ मध्ये स्पेनच्या राजाज्ञेने त्यांचा संघ घालवून दिला जाईपर्यंत. दुसरा हात त्यांच्या जागी आलेल्या ऑगस्टिनियन रिकोलेक्टांचा, हाही कॅथलिक पाद्रींचाच एक संघ. तिसरा विसाव्या शतकातल्या सिमेंटच्या डागडुजीचा. आणि चौथा, १५ ऑक्टोबर २०१३ च्या ७.२ तीव्रतेच्या भूकंपानंतरच्या जीर्णोद्धाराचा. दारावरच्या फलकावर एखाद-दुसरं साल असतं. भिंतीवर मात्र हे सगळे हात दिसतात. ते वेगळे ओळखून वहीत उतरवायचे, एवढंच हे काम.

सोबत तीस मीटरची एक आणि पाच मीटरची एक टेप, ओळंबा, होकायंत्र, दहा पटीचं भिंग, विजेरी, आलेख कागद, पेन्सिल आणि वीस सेंटीमीटरची काळीपांढरी पट्टी घ्या. हातोडी आणि आम्ल नेऊ नका. चुनखडक ओळखण्यासाठी त्यावर व्हिनेगर टाकण्याची सवय काहींना असते. त्याने दगडावर कायमचा डाग पडतो, आणि इथला दगड चुन्याचाच आहे हे आधीच माहीत असल्याने त्यातून काही कळतही नाही. मोजमापाची परवानगी पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक धर्मविभागाच्या, कार्यालयातून लेखी घ्या. शेजारच्या कॉन्व्हेंटसाठी, म्हणजे पाद्रींच्या निवासासाठी, वेगळं विचारावं लागतं. रविवार टाळा. कामाच्या दिवशी सकाळची मिस्सा संपल्यावर दोन-तीन तास निवांत मिळतात. गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत.

एका दिवसात दोनच चर्चं धरा. तागबिलारान शहरापासून बाकलायोन सहा-सात किलोमीटर आणि लोबोक सुमारे चोवीस किलोमीटर आहे, हा पहिला दिवस. दाविस आणि पांग्लाओ दुसऱ्या दिवशी, मारिबोहोक आणि लोओन तिसऱ्या. दिवसाला पाच चर्चं करणाऱ्याच्या हाती फोटो लागतात, नोंद लागत नाही.

आधी दगड

भिंग लावून पाहा. प्रवाळाच्या दगडावर बारीक चांदण्यांसारखी किंवा मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी दिसते, मधूनमधून शिंपल्याचे तुकडे असतात. उथळ समुद्रातून हे दगड चौकोनी कापून आणत आणि चुन्यात बसवत. तो चुनाही प्रवाळ आणि शिंपले भाजूनच केलेला असे. भिंत भरीव वाटते, पण बहुतेक ठिकाणी ती तशी नसते: बाहेरून एक आणि आतून एक अशा घडीव चिऱ्यांच्या दोन थरांमध्ये दगडगोट्यांचा आणि चुन्याचा भराव असतो. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घातल्याचं इथे जवळजवळ प्रत्येकजण सांगतो. नोंदीत ते 'ऐकीव' म्हणून लिहा, कारण डोळ्यांनी पाहून ते ठरवता येत नाही.

जाडी दारा-खिडकीच्या कडेला मोजा आणि तीन उंचींवर मोजा: जमिनीलगत, कमरेला, हात पोचेल तिथे. भिंत वर निमुळती होत गेली असेल तर एकाच मापाने फसगत होते. गिलावा धरून मोजलंत की सोडून, तेही लिहा. हे विसरलं की पुढे दोन नोंदी कधीच जुळत नाहीत.

गिलावा आणि दरजा

मूळ भिंतींवर चुन्याचा गिलावा असे. स्पॅनिश नावाने त्याला पालेतादा म्हणतात. विसाव्या शतकात 'दगड उघडा छान दिसतो' म्हणून अनेक ठिकाणी तो खरवडून टाकला. हे मोठं नुकसान आहे. प्रवाळदगड सच्छिद्र असतो, गिलावा ही त्याची कातडीच. ती गेली की पाऊस थेट आत मुरतो.

त्याहून वाईट म्हणजे सिमेंटने भरलेल्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट तिची वाट अडवतं, मग ती दगडातून निघते आणि सोबतचं मीठ दगडाच्या पृष्ठभागाखाली साखळतं. भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात, आणि काही दशकांत दगड आत झिजून दरजेची रेघ बाहेर उभी राहते. तिसरा हात ओळखायची सर्वात सोपी खूण हीच: दरज दगडाच्या पुढे आलेली असेल तर ती बहुधा सिमेंटची. चुन्याची दरज पिवळसर पांढरी असते आणि दगडाबरोबर किंवा त्याच्या किंचित आधी झिजते. नखाने खरवडून पाहू नका. भिंतीच्या पायथ्याशी पडलेली भुकटी पुरेशी असते.

चिन्हं आणि उभे सांधे

आय-एच-एस ही येशूच्या नावाची अक्षरं कोरलेला दगड जेझुइटांकडे बोट दाखवतो, बाणाने विद्ध हृदय ऑगस्टिनियन परंपरेकडे. पण चिन्ह हा पुरावा नव्हे, ती सुरुवात आहे. जुना दगड नव्या भिंतीत बसवलेला असू शकतो, म्हणून त्याच्या चारही बाजूंचे सांधे आसपासच्या सांध्यांशी जुळतात का ते बघा.

याचा सराव करायला बाकलायोनसारखी जागा नाही. तिथलं प्रवाळदगडी चर्च १७२७ मध्ये पूर्ण झालं, घंटाघर १७७७ चं आणि पुढची कमानींची पडवी १९व्या शतकातली, रिकोलेक्टांची. म्हणजे एकामागे एक अशा दोन दर्शनी भिंती. २०१३ मध्ये पडवी आणि घंटाघराचा काही भाग कोसळला, पण चर्चचं मुख्य अंग बरंचसं उभं राहिलं. आता दिसतं ते पुन्हा बांधलेलं रूप आहे. पडवीत उभं राहून दोन बांधकामं भेटतात तो कोपरा शोधा. चिरे एकमेकांत दात घालून गुंफलेले असतील तर बांधकाम एका वेळचं. सरळ उभी रेघ वर गेली असेल तर एक दुसऱ्याला नंतर टेकवलेलं. असं टेकवलेलं बांधकाम भूकंपात वेगळ्या लयीत हलतं आणि सुटून पडतं. ही उभी रेघ सापडली की तिचा जमिनीपासून छतापर्यंतचा फोटो काढा. या इमारतीचं अर्धं चरित्र त्या रेघेत आहे.

लोबोकच्या भिंती १७३४ च्या. तिथलं घंटाघर चर्चपासून सुटं, रस्त्यापलीकडे नदीकाठी आहे आणि मागचं कॉन्व्हेंट तीन मजली आहे, जे फिलिपिन्समध्ये विरळा. नदीवर एक अर्धवट काँक्रीट पूल थेट चर्चच्या रोखाने आलेला दिसेल. वारशासाठी उभ्या राहिलेल्या लोकांच्या विरोधामुळे त्याचं काम थांबलं. आराखड्यात तोही काढा.

तडे

तिरप्या, एकमेकांना फुलीसारख्या छेदणाऱ्या भेगा म्हणजे भिंत आपल्याच प्रतलात आडवी ढकलली गेली. कोपऱ्यातली उभी भेग, वर रुंद आणि खाली अरुंद, म्हणजे भिंत बाहेर झुकते आहे. तिथे ओळंबा सोडून दर मीटरला अंतर मोजा. भिंतीचं पोट फुगलं असेल तर आतला भराव खाली बसून बाहेरचा थर सुटला आहे. त्याच्याखाली उभं राहून मापं घेऊ नका, लांबून फोटो घ्या. भेगेची रुंदी पट्टी शेजारी धरून फोटोतच टिपा. भिंतीवर पेन्सिलची खूणसुद्धा नको.

लोओनचं चर्च १८५५ ते १८६४ दरम्यान उभं राहिलं होतं आणि बोहोलमधलं सर्वात मोठं होतं. ते आणि मारिबोहोकचं, दोन्ही भूकंपात पूर्ण कोसळली. लोओनचं नवं चर्च २०२१ मध्ये उघडलं. अशा ठिकाणी बाहेरचा दगड भार पेलतो की नुसता आवरणाचा आहे, हे नजरेने ठरवू नका. बांधकामाचे नकाशे पाहायला मागा. याच पश्चिम किनाऱ्यावर भूकंपात समुद्रतळ उचलला गेला. ओहोटीची वाट न पाहता उघडी पडलेली प्रवाळांची पट्टी दिसते, आणि चर्चचा दगड मुळात कुठून आला ते तिथे समजतं. जवळच पुंता क्रूसचा १७९६ चा टेहळणी बुरूज आहे.

घरं

लोआयमधल्या क्लारिन घराण्याच्या वाड्यासारखी घरं खाली दगडी, वर लाकडी दिसतात. म्हणून 'दगडी घर' असं लिहून मोकळं होतात, आणि चुकतात. या धाटणीच्या बहुतेक घरांत भार लाकडी खांबांवर असतो. हे खांब, इथल्या बोलीत तुगास म्हणतात त्या टणक लाकडाचे, जमिनीपासून छतापर्यंत अखंड जातात आणि दगड फक्त खालच्या मजल्याचा पडदा असतो. प्रत्येक खांबाचं तळ पाहा. ओल आणि वाळवी तिथून चढते. खिडक्यांत काचेऐवजी कापिझ शिंपल्याच्या तावदानांच्या सरकत्या चौकटी असतात. एका चौकटीत किती तावदानं आणि त्यातली किती मूळची, ते मोजा.

कागदावर उतरवताना

आराखड्यात चार भिंतींबरोबर दोन्ही कर्णही मोजा. जुन्या इमारतींचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. कर्ण नसले तर घरी आल्यावर आराखड्याच्या बाजू जुळतच नाहीत. फोटो एकमेकांवर साठ टक्के चढतील असे काढा. कोरीवकामासाठी भिंतीला घासून जाणारं तिरपं ऊन लागतं, म्हणून होकायंत्राने दर्शनी भिंतीची दिशा आदल्या दिवशीच बघून ठेवा. छतावरची चित्रं वेगळी नोंदवा: त्यांतली बरीच १९२० आणि १९३० च्या दशकांतली, सेबूच्या रायमुंदो फ्रान्सिया यांची आहेत, त्यामुळे भिंतीचं साल छताला लावू नये.

पडलेला दगड किंवा तावदान खिशात टाकू नका. २००९ चा राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायदा, म्हणजे प्रजासत्ताक कायदा १००६६, आणि २०२३ मधली त्याची दुरुस्ती अशा वस्तूंनाही लागू पडू शकते. शिवाय जीर्णोद्धारात तोच तुकडा परत बसवायचा असतो. काही सुटलेलं दिसलं तर जागेचा फोटो काढून पॅरिशला कळवा. शेवटी प्रत्येक पानावर तारीख, हवामान आणि मोजणाऱ्याचं नाव घाला आणि एक छापील प्रत पॅरिशच्या कार्यालयात ठेवा. २०१३ नंतर चिरे जागेवर बसवताना जुने फोटो आणि मापं हाच आधार होता.