दिवे घाटापलीकडचा माळ कसा पाहावा

पुणेकर सहलीला निघाला की गाडीचे तोंड बहुधा पश्चिमेकडे वळते, कारण धबधबे, धुके आणि हिरवे डोंगर तिकडे आहेत. पूर्वेकडील सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे हा रस्ता मात्र देवदर्शनासाठी किंवा बारामतीच्या कामासाठीच धरला जातो आणि मधला माळ ‘इथे पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणून काचेआडून मागे टाकला जातो. हा माळ चराईचा आहे. शतकानुशतके गुरे, शेळ्या आणि मेंढ्या यांच्या तोंडांनी व खुरांनी त्याला आजचे रूप दिले आहे. ते रूप वाचता आले तर पुण्यापासून मोरगावपर्यंतचे साधारण पासष्ट किलोमीटर एका दिवसाला पुरून उरतात.

आधी हंगामाविषयी. आषाढ-श्रावणात हा प्रदेश हिरवा दिसतो, पण ते गवत अजून पोटरीपर्यंतही आलेले नसते. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ मी सर्वांत चांगला मानतो. गवताला तुरे आलेले असतात, रंग हिरव्यावरून तांबूस आणि मग सोनेरी होत जातो, तळ्यांत पाणी असते आणि उन्हाचा ताप सोसण्याजोगा असतो. फेब्रुवारीनंतर जाऊच नये असे नाही, परंतु तेव्हा माळ पार खरवडल्यासारखा दिसतो आणि नवख्याची निराशा होते.

पहाटे साडेपाचला हडपसर सोडावे. दिवे घाटात खाली मस्तानी तलाव दिसतो, मात्र तो पाहण्यासाठी वळणावर गाडी थांबवू नये, कारण ट्रकची ये-जा सतत चालू असते. सासवडला चहा घ्यावा, आणि पुरंदरच्या सीताफळांचा हंगाम असेल तर एखादी पाटी येताना घेण्यासाठी मनात ठेवावी, जाताना नव्हे, कारण पिकलेली फळे दिवसभराच्या उन्हात गाडीत टिकत नाहीत. जेजुरीच्या गडाला या फेरीत लांबूनच हात जोडावेत. मात्र एवढे ध्यानात असू द्यावे की खंडोबा हे धनगरांचे दैवत आहे आणि त्याची दुसरी पत्नी बाणाई धनगरांचीच, त्यामुळे पुढे रस्त्यावर जे कळप भेटतील त्यांचा आणि या गडाचा संबंध जुना आहे.

जेजुरीनंतर वेग चाळीसच्या आसपास आणावा आणि डाव्या-उजव्या टेकड्यांच्या उतारांकडे पाहावे. उतारांवर आडव्या रेषा दोन प्रकारच्या असतात. रुंद, एकसारख्या पायऱ्या दिसतात त्या बेसॉल्टच्या थरांच्या, म्हणजे एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या. त्यांच्या मधल्या उतारावर ज्या बारीक, एकमेकींना मिळणाऱ्या आणि पुन्हा फुटणाऱ्या वाटा दिसतात, त्या गुरांच्या. जनावर उतारावर सरळ चढत नाही, आडवे चालत चरते, आणि वर्षानुवर्षे त्याच उंचीवर पाय पडल्याने जमीन तशी मुडपते. सकाळचे तिरपे ऊन असताना या वाटा कोरून काढल्यासारख्या दिसतात, दुपारी त्याच टेकडीवर त्या शोधूनही सापडत नाहीत.

यानंतर झाडे पाहावीत. बाभळीचा किंवा बोरीचा खालचा काठ कात्रीने कापल्यासारखा सरळ असेल, तर ती शेळीची करामत समजावी. मागच्या दोन पायांवर उभी राहून शेळीचे तोंड जिथवर पोहोचते, तिथवरचा पाला ती संपवते. ही रेषा दिसत असेल तर त्या भागात शेळ्यांचा वावर भरपूर आहे. तसेच उघड्या माळावर केवळ तरवड आणि रुई टवटवीत उभी असतील, तर तिथे चराई अती झाली आहे असे धरून चालावे, कारण जनावर ज्याला तोंड लावत नाही तेच अशा ठिकाणी मागे उरते. तरवडाची पिवळी फुले छायाचित्रात फार सुंदर येतात, परंतु गुराख्याला ती पाहून आनंद होत नाही.

गवताची ओळख करून घेण्यासाठी सावलीची जागा पाहून गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घ्यावी आणि पायी पन्नास पावले आत जावे. पवना आणि मारवेल ही गुरांची आवडती गवते, आणि ती जिथे दाट दिसतात तिथे कुरण राखलेले असते. कुसळी मात्र सगळीकडे आहे. तिचे बी टोकदार असते आणि त्याला लांब, पीळ भरलेली शेपटी असते. असे एक बी तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. शेपटी हळूहळू उलगडत फिरू लागते, कारण ओल मिळाली की पीळ सुटतो आणि सुकले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानेच बी जमिनीत स्वतःला रुतवून घेते. तोच प्रयोग ते आपल्या मोज्यांवरही करते, म्हणून पायांत उंच बूट असावेत. सुती मोज्यांतून कुसळे काढण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलेली आहे.

कळप समोरून आला तर काय करावे, हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण चूक तिथेच होते. गाडी डाव्या कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि हॉर्नला हातही लावू नये. मी एकदा वाजवला होता. बिथरलेल्या मेंढ्या शेजारच्या ज्वारीच्या कोवळ्या पिकात शिरल्या, कोवळी ज्वारी जनावरांना बाधते, आणि धनगराला त्यांना बाहेर काढताना जो त्रास झाला तो पाहून मला खाली उतरण्याचीही लाज वाटली. आपण थांबलो तर कळप पाण्यासारखा गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहून जातो. अशा वेळी काच खाली करून नुसते ऐकावे. खुरांचा आवाज, घंटांचा आवाज, धनगराची शीळ, आणि लोकरीचा ओलसर वास.

दिवाळीनंतर यांतील पुष्कळ वाडे, म्हणजे धनगर कुटुंबांचे फिरते तळ, कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्या दिवसांत घोड्यांवर लादलेला संसार आणि वर बांधलेली कोकरे पाहायला मिळतात. रिकाम्या शेतात मेंढ्या बसवलेल्या दिसल्या तर ते खतासाठी असते, आणि शेतकरी त्याचा मोबदला धान्याच्या किंवा पैशांच्या रूपात देतो. वाड्याजवळ जायचे असेल तर दुरूनच ‘रामराम, मामा’ अशी हाक द्यावी आणि कुत्र्यांना आवरले जाईपर्यंत जागचे हलू नये. लांडग्याशी गाठ पडणारी ती कुत्री आहेत, शहरी सोसायटीतली नव्हेत. छायाचित्र विचारूनच काढावे.

मोरगाव मागे टाकल्यावर सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागते. त्याचे क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे असून ते चिंकारा या लहान हरणांसाठी राखलेले आहे. तेथे कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे गवत शेजारी शेजारी ठेवून पाहता येते, आणि माझ्या मते या फेरीतला सर्वांत शिकवणारा देखावा तोच आहे. चिंकारा दिसला तर गाडी त्याच्या मागे पळवू नये. तो थोडे धावून थांबतो आणि वळून पाहतो, तेवढा क्षण आपल्याला पुरतो. हिवाळ्यात गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या हा मध्य आशियाकडून आलेला शिकारी पक्षी असतो, तर म्हशीच्या पायांत घोटाळणारा गायबगळा तिच्या चालण्याने उडणारे टोळ टिपत असतो.

दुपारी बाराच्या पुढे पाहण्यासारखे फारसे उरत नाही. जनावरे झाडाखाली रवंथ करत बसतात, आपणही तेच करावे. साडेचारनंतर मोरगावच्या अलीकडे, रस्त्याच्या पूर्व कडेला गाडी लावून पश्चिमेकडे तोंड करून बसावे. गुरे घराकडे वळतात, त्यांच्या पायांची धूळ मावळतीच्या उन्हात उभी राहते आणि प्रत्येक जनावराभोवती सोनेरी कड दिसते. गोरज हा शब्द आपण लग्नपत्रिकेत वाचतो, त्याचा अर्थ तिथे डोळ्यांना दिसतो. ती धूळ बसायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ थांबूनच सीताफळांसाठी सासवडकडे निघावे.