मॅचचं एअर पिस्तूल घेताय? या चुका टाळा

"सगळ्यात भारी पिस्तूल कुठलं?" मुलाने शूटिंग रेंजवर नाव घालून आठवडाही झालेला नसतो आणि आईवडिलांचा हा प्रश्न येतो. पॅरिस 2024 ऑलिंपिकनंतर तर फारच. प्रश्नच चुकीचा आहे. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी, यांतल्या कुठल्याही कंपनीचं धड अवस्थेतलं मॅच पिस्तूल शिकंज्यात आवळा आणि दहा मीटरवरून त्याला मानवणारे पाच पेलेट (शिशाचे छर्रे) मारा. सगळे जवळजवळ एकाच भोकातून जातील. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं आणि या पिस्तुलांचं ग्रुपिंग त्यात आरामात बसतं. बॅरल तुमच्यापेक्षा कितीतरी पुढे आहे आणि पुढची बरीच वर्षं पुढेच राहणार आहे. पिस्तूल दगा देतं ते दुसरीकडे: हवेत, सीलमध्ये, ट्रिगरमध्ये आणि हाताला न बसणाऱ्या ग्रिपमध्ये, म्हणजे मुठीत.

सिलिंडरवरची तारीख न वाचणं

ही चूक बघून बघून कंटाळा आला आहे. जुनं पिस्तूल स्वस्तात मिळतंय म्हणून घाईघाईत पैसे दिले जातात आणि सिलिंडर मॅचच्या तपासणीत अडकतं. पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार दाबाची हवा असते. त्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात आणि ती पाळण्याची जबाबदारी नियमानुसार शूटरचीच असते. म्हणजे 03/2016 लिहिलेलं सिलिंडर मार्च 2026 नंतर कितीही चकचकीत दिसलं तरी बाद. नवीन सिलिंडर महाग पडतं आणि ते आपल्याकडे लगेच मिळेलच असंही नाही. विकणारा "एकदम कंडिशनमध्ये आहे" म्हणतो तेव्हा तो बहुधा लाकडी ग्रिपच्या पॉलिशबद्दल बोलत असतो. पिस्तुलासोबत दोन सिलिंडर असतील तर दोन्हींच्या तारखा वाचा, कारण दुसरं बरेचदा पहिल्याहून जुनं निघतं.

तारीख ठीक असेल तर गळती तपासायची. इथे घाई करणारे हमखास फसतात. सिलिंडर भरताना हवा तापते, त्यामुळे काटा 200 वर दिसतो आणि थंड झाल्यावर आपोआप खाली येतो. त्याला गळती समजून चांगलं पिस्तूल नाकारणारेही आहेत. सावकाश भरा, तासभर ठेवून द्या, मग काट्याचा फोटो काढा. सिलिंडर पिस्तुलापासून वेगळं ठेवून चोवीस तासांनी पुन्हा बघा. नंतर तेच सिलिंडर पिस्तुलाला लावून आणखी चोवीस तास ठेवा. सुटं असतानाच काटा उतरला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा गेजच्या सीलमध्ये. लावल्यावरच उतरत असेल तर दोष पिस्तुलाच्या आत. नुसती जोडणीची ओ-रिंग (रबरी कडी) गेली असेल तर काम किरकोळ आहे. व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) असेल तर पिस्तूल सर्व्हिसला जाणार आणि महिना-दोन महिने येणार नाही, असं धरूनच भाव करा.

रेग्युलेटरची परीक्षा क्रोनोग्राफवर, म्हणजे पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर होते. दहा शॉट मारून वेग लिहून घ्या, मग दहा मिनिटं पिस्तूल नुसतं ठेवा आणि अकरावा मारा. मॅच पिस्तुलाचा वेग साधारण सेकंदाला 150 मीटरच्या आसपास असतो. दहा शॉटमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात पाच मीटरहून जास्त फरक दिसला तर मी ते पिस्तूल परत करतो. अकरावा शॉटच एकदम जोरात गेला तर रेग्युलेटर विश्रांतीत दाब गळू देतोय. मॅचमध्ये हे वर गेलेल्या एखाद्या शॉटच्या रूपात दिसतं आणि शूटर बिचारा आपल्या श्वासाला दोष देत बसतो. एवढं करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. "गिऱ्हाईक रांगेत आहे" म्हणाला, तर रांगेतल्याला देऊ द्या.

ग्रिपला "सवय होईल" म्हणणं

होत नाही. उलट चुकीच्या ग्रिपमध्ये मनगट वाकवायची सवय लागते आणि ती सोडवायला कोचचं वर्ष जातं. ग्रिप एस, एम, एल अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हाताच्या वेगवेगळ्या येतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एल साईज देऊन "वाढत्या अंगाचा आहे" म्हणणं शाळेच्या गणवेशाला चालतं, पिस्तुलाला नाही. मुलांसाठी आखूड, हलकी मॉडेल मिळतात, ती घ्यावीत.

तपासायची रीत सोपी आहे. रिकामं पिस्तूल टार्गेटच्या दिशेने उचला, डोळे मिटा, हात आपोआप स्थिरावू द्या आणि डोळे उघडा. फ्रंट साईट (पुढच्या टोकावरची पट्टी) मागच्या रिअर साईटच्या खाचेत मधोमध, वरच्या कडेला समपातळीत दिसली पाहिजे. दहा वेळा करा. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर मनगट फिरवून जुळवू नका, ग्रिपचा स्क्रू सैल करून ग्रिप किंचित फिरवा. बहुतेक मॅच पिस्तुलांत ही सोय असते. मग बोट बघा: पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर आणि बोटाच्या आतल्या बाजूला लाकडापासून स्पष्ट फट. बोट लाकडाला घासत असेल तर दाबताना अख्खं पिस्तूल बाजूला ढकललं जातं. ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकते, आधी ती सरकवा. तरी जमलं नाही तरच कानस हातात घ्या.

घासण्याआधी तळहाताला खडूची पूड लावून ग्रिप नेहमीसारखी पकडा. जिथे पूड दाट उमटते तिथेच, थोडं थोडं घासायचं. एका बैठकीत ग्रिप संपवू नका. काढलेलं लाकूड परत येत नाही आणि पुट्टी लावत सुटलात तर दुसरी अडचण येते: अख्खं पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं आणि ग्रिप त्या 50 मिलिमीटरमध्येच मोजली जाते. खालची पट्टी, म्हणजे पाम शेल्फ, हाताला टेकावी, आवळू नये. मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे.

"नामांकित कंपनीचं आहे, बिघडणार नाही"

टोकियो ऑलिंपिकची पात्रता फेरी आठवा, जुलै 2021. मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर (दर शॉटआधी ओढायचा दांडा) ऐन मॅचमध्ये तुटला. 44 शॉट बाकी आणि 55 मिनिटं हातात होती. दुरुस्ती करून ती परतली तेव्हा 38 मिनिटं उरली होती. वेळ वाढवून मिळाला नाही. तिने 575 गुण मारले आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. जगातल्या सर्वोत्तम पिस्तुलांपैकी एक होतं ते. यंत्र आहे, तुटणार.

म्हणून कंपनी निवडताना बघायचं ते एवढंच: तिचे सील, लिव्हर, स्प्रिंग तुमच्या शहरात किंवा निदान देशात कोणाकडे मिळतात, आणि ते बसवणारा माणूस कोण? तुमच्या रेंजवर पाच जणांकडे एकच मॉडेल असेल तर तेच घ्या, भले दुसऱ्याची जाहिरात जास्त छान असो. मॅचच्या पेटीत ओ-रिंगचा संच, ॲलन की, भरलेलं दुसरं सिलिंडर ठेवा, आणि ट्रिगर इलेक्ट्रॉनिक असेल तर ताज्या बॅटऱ्या. दुसरं पिस्तूल असेल तर त्याचा ट्रिगर आणि झिरो (साईटची जुळणी) आदल्या दिवशीच लावून ठेवा. कपाटात पडलेलं पिस्तूल ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ट्रिगर नेमका 500 ग्रॅमवर लावू नका. तपासणीत ट्रिगरने ते 500 ग्रॅमचं वजन उचललं गेलंच पाहिजे, म्हणून 520 ते 540 वर ठेवा. पाच-दहा ग्रॅम हलका करून कोणाचा स्कोअर वाढलेला नाही.

कार्बन डायऑक्साइडची बारा ग्रॅमची कॅप्सूल आणि स्टीलचे गोळे वापरणारं दिखाऊ पिस्तूल "सरावापुरतं" घेऊ नका. त्यातून मॅच ट्रिगर शिकता येत नाही.

पेलेटचे दहा डबे एकदम घेऊ नका. आधी 4.49 आणि 4.50 मिलिमीटर हेड साईजचे तीन-चार प्रकार शिकंज्यातून मारून बघा. खाली पडलेला पेलेट परत भरायचा नाही, वाकलेला असतो.

हवेच्या मार्गात शिलाईयंत्राचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे कधीही नाही. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात पुरे. वेल्डिंगवाल्याच्या ऑक्सिजनवर सिलिंडर भरणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. तारकर्लीला डायव्हिंगसाठी वापरतात तसं कोरड्या हवेचं सिलिंडर आणि योग्य अडॅप्टर वापरा. टाकी 300 बारची असली तरी पिस्तुलाचं सिलिंडर त्यावर लिहिलेल्या दाबापर्यंतच भरा.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हातपंपाने भरणार असाल तर पंपाची ओल सोडत राहा. ती आत गेली की व्हॉल्व्ह गंजतो. अक्रोडाची ग्रिप दमट हवेत फुगते, म्हणून जुलैमध्ये पेटीत सिलिका जेलच्या पुड्या हव्यात आणि ग्रिपचे स्क्रू दर आठवड्याला तपासायला हवेत.

विमानाने जाताना सिलिंडर रिकामं करून, काढून वेगळं ठेवा, खरेदीचं बिल सोबत ठेवा आणि एअरलाइनला आधी कळवा. काउंटरवर हवा सोडायची वेळ आली तर तो फुस्स आवाज ऐकून अख्खं टर्मिनल वळून बघतं.