जुन्या एमएक्स-५ साठी नवा क्लच निवडताना

माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या छपराची स्पोर्ट्स कार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि तिच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्या आजही इंग्लंडच्या रस्त्यांवर उन्हाळ्यातल्या कोणत्याही रविवारी हमखास दिसतात. त्यांतली दुसऱ्या पिढीची, १.८ लिटर इंजिनाची एक गाडी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. या गाड्या आता वीस ते पस्तीस वर्षांच्या झाल्या असल्यामुळे क्लच बदलण्याची वेळ प्रत्येक मालकावर केव्हा ना केव्हा येतेच. दुकानात मात्र साध्या संचापासून शर्यतीच्या संचापर्यंत इतके प्रकार समोर येतात की, आपल्याला नेमके काय हवे आहे हे आधी ठरवले नसेल तर माणूस गरजेपेक्षा जड आणि महाग वस्तू घेऊन घरी येतो. पुढील विवेचन या दोन पिढ्यांच्या गाड्यांपुरते असले तरी त्यातील बहुतेक विचार कोणत्याही मॅन्युअल स्पोर्ट्स कारला लागू पडेल.

नवा क्लच मागवण्याआधी जुना क्लच खरोखर गेला आहे की नाही याची खात्री करावी. माझ्या गाडीचा रिव्हर्स गिअर करकर वाजत पडू लागला, तेव्हा एका गॅरेजने क्लच संपल्याचे सांगितले आणि मी विश्वासाने पूर्ण संच विकत घेतला. नंतर गाडीखाली शिरून पाहिले तर दोष स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे पॅडलचा दाब द्रवातून घेऊन क्लच सोडवणाऱ्या छोट्या भागाचा, निघाला. या गाडीत तो गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला दोन बोल्टांवर बसवलेला असतो. त्याच्या टोकावरची रबरी टोपी बोटाने जरा उचलताच आतून काळपट, पातळ द्रव मनगटावर ओघळला. सील फाटले होते, पॅडल दाबल्यावर पुरेसा दाब पुढे पोहोचत नव्हता आणि त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नव्हता, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नव्हते. या गाड्यांमध्ये हा बिघाड फार नेहमीचा आहे, आणि जिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात तिथे सिलिंडर बाहेरून गंजतोही. दुरुस्ती स्वस्त आहे आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

ही दोन लक्षणे वेगळी ओळखता आली पाहिजेत. गिअर पडायला त्रास होणे म्हणजे क्लच सुटत नसणे. त्याचे मूळ बहुधा द्रवाच्या यंत्रणेत असते. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, ही दुसरी गोष्ट म्हणजे क्लच घसरणे. ते तपासण्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये दोन-अडीच हजार फेऱ्यांवर आणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वेगाच्या पुढे धावू लागला तर क्लच प्लेट झिजलेली आहे, किंवा क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून गळणारे इंजिन ऑइल तिच्यावर पोहोचले आहे. ऑइलचे कारण असेल आणि ते सील बदलले नाही, तर कितीही भारी क्लच बसवला तरी काही महिन्यांत तोही घसरू लागेल.

क्लच बदलायचा हे ठरल्यावर मापाचा प्रश्न येतो, आणि इथे बरेच जण फसतात. १.६ लिटरच्या इंजिनाला २०० मिलिमीटर व्यासाची क्लच प्लेट लागते आणि १.८ लिटरच्या इंजिनाला २१५ मिलिमीटरची. ब्रिटनमध्ये दोन्ही इंजिनांच्या गाड्या एकाच वेळी विकल्या गेल्या असल्यामुळे केवळ गाडीच्या वर्षावरून संच मागवू नये. चॅसिस क्रमांक देऊन सुट्या भागाचा क्रमांक पडताळून घ्यावा. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने इंजिन किंवा फ्लायव्हील (इंजिनाच्या मागे फिरणारी जड चकती) बदललेले असू शकते, म्हणून शक्य असेल तर जुनी प्लेट बाहेर आल्यावर तिचा व्यास पट्टीने मोजावा. १.६ च्या गाडीला मोठा क्लच बसवणारे पुष्कळ आहेत आणि ते काम होतेही, पण त्यासाठी १.८ चे फ्लायव्हीलही सोबत घ्यावे लागते, कारण क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी मोठी प्रेशर प्लेट लहान फ्लायव्हीलवर बसत नाही.

क्लच किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलू शकतो हे चार गोष्टींवर ठरते: अस्तराचा (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा) घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. हिशेब समजावा म्हणून घर्षणांक ०.३, दाब ४००० न्यूटन आणि सरासरी त्रिज्या ८२.५ मिलिमीटर धरली, तर दोन बाजूंचा मिळून गुणाकार १९८ न्यूटन-मीटर येतो. बाकी सारे तेच ठेवून त्रिज्या ९० मिलिमीटर केली की तो २१६ होतो. आता इंजिनाकडे पाहा: ब्रिटनमधली १.६ ची इंजिने १३० ते १३५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतात आणि १.८ ची साधारण १५० ते १७०. म्हणजे इंजिन कारखान्यातून आले तसेच असेल, तर कारखान्याच्या दर्जाचा साधा क्लच त्याला सहज पेलतो आणि वर शिल्लकही ठेवतो. इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो किंवा सुपरचार्जर बसवला असेल तरच हे गणित बदलते. गाडी महिन्यातून एकदा शर्यतीच्या ट्रॅकवर नेणाऱ्यालाही, इंजिन मूळचेच असेल तर, चांगल्या साध्या संचापलीकडे काही घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही ताकद वाढवायचीच असेल, तर ती कुठून येते हे समजून निवड करावी. दाब वाढवला की पॅडल जड होते. वाहतुकीच्या कोंडीत डाव्या पायाला ते जाणवतेच, पण त्याहून गंभीर परिणाम इंजिनाच्या आत होतो: पॅडल दाबलेले असताना प्रेशर प्लेट सोडवणारा रेटा क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि तो भार तिथल्या थ्रस्ट बेअरिंगवर, म्हणजे क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर, येतो. टर्बो लावलेल्या आणि फार कडक प्रेशर प्लेट वापरलेल्या या इंजिनांमध्ये ते बेअरिंग झिजून इंजिनच खोलावे लागल्याची उदाहरणे आहेत. म्हणून कडक क्लच असलेली गाडी सुरू करताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पॅडलवरचा पाय काढावा, कारण त्या क्षणी बेअरिंगपाशी ऑइलचा दाब तयार झालेला नसतो.

घर्षणांक वाढवायचा म्हणजे अस्तर बदलायचे. साध्या सेंद्रिय अस्तराची पकड हळूहळू येते, आणि चढावर गाडी उभी करून अलगद निघताना तोच गुण उपयोगी पडतो. आपल्याकडे घाटात हाफ क्लचवर गाडी थोपवून धरण्याची सवय पुष्कळांना असते. ही सवय कोणत्याच क्लचला मानवत नाही, पण साधे अस्तर ती थोडी तरी सोसते. अरामिड तंतूंचे अस्तर टिकाऊ असते, मात्र नवे असताना ते नीट बसेपर्यंत गाडी जास्त काळ सावकाश चालवावी लागते. सिरॅमिक तुकड्यांच्या प्लेटला तापमानाची पर्वा नसते, पण ती एकदम चावते. पाय जरासा चुकला की गाडी हिसका देते आणि पार्किंगमधून मागे घेणे हे कौशल्याचे काम होऊन बसते. रोजच्या वापराच्या गाडीत ती बसवू नये.

प्लेटच्या मध्यभागाकडेही लक्ष द्यावे. तिथे चार-सहा लहान स्प्रिंग दिसतात, त्या इंजिनाचे हेलकावे शोषून घेतात. या गाडीचे फ्लायव्हील एकसंध असल्यामुळे ते काम मुख्यतः प्लेटवरच्या स्प्रिंगांनाच करावे लागते, आणि स्प्रिंग नसलेली प्लेट घेतली तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडू लागतो. दुहेरी, म्हणजे दोन भागांच्या मध्ये स्प्रिंग असलेल्या, फ्लायव्हीलच्या गाड्यांची रचना याच्या उलट असते. तिथे शोषण्याचे काम फ्लायव्हीलमध्येच होते, म्हणून एका रचनेतले भाग दुसरीत मिसळू नयेत.

मूळ फ्लायव्हील सुमारे आठ किलोचे आहे आणि बाजारात त्याच्या निम्म्या वजनाची ॲल्युमिनियमची फ्लायव्हीलही मिळतात. हलक्या फ्लायव्हीलमुळे इंजिन चटकन फिरते आणि गिअर उतरवताना फेऱ्या जुळवणे सोपे जाते, पण गाडी जागेवरून सोडताना इंजिन बंद पडण्याचा संभव वाढतो. जुने ठेवणार असाल तर त्याचा पृष्ठभाग उजेडात नीट पाहावा. निळसर डाग, बारीक भेगा किंवा नखाला लागणारा उंचवटा दिसला तर ते वर्कशॉपमध्ये घासून सपाट करून घ्यावे. खोल भेगा असतील तर बदलावेच. खराब पृष्ठभागावर नवी प्लेट बसवली की गाडी सोडताना थरथरते आणि दोष बिचाऱ्या नव्या क्लचला दिला जातो.

संच घेताना त्यात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (पॅडल दाबल्यावर प्रेशर प्लेट सोडवणारे), पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक धरणारे) आणि प्लेट मध्यावर धरण्याचा प्लास्टिकचा दांडा एवढे असायला हवे. नावाजलेल्या जपानी किंवा युरोपीय उत्पादकाचा संच ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावा, कारण हुबेहूब डब्यातला बनावट माल इंटरनेटवर सर्रास विकला जातो. क्रँकशाफ्टचे मागचे सील आणि गिअरबॉक्सचे पुढचे सील त्याच वेळी मागवावे. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब फ्रेम सोडवल्याशिवाय गिअरबॉक्स खाली येत नाही. खर्चाचा मोठा वाटा या मेहनतीचा असतो, म्हणून काही पौंडांचे सील वाचवण्यासाठी तीच मेहनत पुन्हा करायची वेळ आणू नये.

भाग हातात आल्यावर बसवण्याआधी जुनी आणि नवी प्लेट शेजारी ठेवून पाहावी. व्यास, दात आणि मधल्या भागाची उंची जुळली पाहिजे, आणि नवी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने अडखळल्याशिवाय पुढे-मागे सरकली पाहिजे. जुन्या प्लेटवरच्या रिव्हेटची डोकी अस्तराखाली ०.३ मिलिमीटरहून कमी खोल राहिली असतील तर तिचे आयुष्य खरोखर संपले होते, हेही तेव्हाच कळते. शाफ्टच्या दातांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. जास्त दिले तर ते फिरताना उडून अस्तरावर जाते. अस्तराला ऑइलचे बोट लागू देऊ नये आणि फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने पुसून घ्यावे. प्रेशर प्लेटचे बोल्ट आडव्या-उभ्या क्रमाने, थोडे थोडे करत, पुस्तिकेतल्या टॉर्कपर्यंत आवळावेत.

पुढचे साधारण ८०० किलोमीटर गाडी शहरातच, वारंवार थांबत आणि सावकाश सोडत चालवावी. लांब महामार्गावर एकाच गिअरमध्ये काटलेले अंतर यात मोजू नये, कारण तिथे क्लच घासतच नाही. या काळात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून गाडी सोडू नये, आणि पहिल्या पंधरवड्यानंतर पॅडलची मोकळी हालचाल व द्रवाची पातळी एकदा पुन्हा पाहून घ्यावी.