जुना पीसी चालूच होत नाही? कॅबिनेट उघडायच्या आधीची तयारी

मागच्या दिवाळीत मावशीसाठी पुण्याहून एक सेकंडहँड डेस्कटॉप घेऊन रत्नागिरीला गेलो. निघायच्या आधी दुकानात स्वतः चालू करून बघितला होता, आणि मावशीच्या हॉलमध्ये सगळ्या वायरी जोडून बटण दाबलं तर ढिम्म. पंखा नाही, लाईट नाही, साधं टूक पण नाही. मी लगेच "एसएमपीएस उडाला" (म्हणजे पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) असं जाहीर करून टाकलं, बाजारात जाऊन सोळाशेचा नवीन आणला, लावला, परत ढिम्म. मग मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरचा, गोल सेल आणायला एक चक्कर, मग स्क्रू ड्रायव्हर बसेना म्हणून अजून एक, आणि मावशी दर वेळी चहा ठेवून विचारणार, "काय रे, झालं का?" तर त्या दिवसात जे आधी हाताशी हवं होतं आणि जे आधी बघायला हवं होतं ते सगळं इथे लिहून ठेवतोय.

सध्या असे पीसी खूप फिरतायत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, मग ऑफिसांनी चौथ्या-सहाव्या जनरेशनची चांगली धडधाकट मशिनं काढून टाकली आणि ती आपल्यासारख्यांच्या घरी आली. मशीन वाईट नसतं हो, फक्त दहा वर्षं चाललेलं असतं आणि टेम्पोतून, डिकीतून, घाटातून हादरे खात आलेलं असतं.

पहिली तयारी म्हणजे नक्की काय होत नाहीये ते ठरवा. "चालू होत नाही" हे लोक दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. पंखा फिरतोय, लाईट लागलीय पण स्क्रीन काळी, तर तो डिस्प्लेचा नाहीतर रॅमचा विषय, आणि त्यात निम्म्या वेळा मॉनिटरची केबल चुकीच्या पोर्टला असते, म्हणजे ग्राफिक कार्ड लावलंय आणि केबल मात्र मदरबोर्डच्या पोर्टला. आपला विषय आहे अजिबात जीवच नाही, किंवा पंखा अर्धा गिरका घेऊन थांबतो, तो. हे दोन्ही पण वेगळे आहेत, कागदावर लिहून ठेवा नक्की काय दिसलं ते, तासाभराने आठवत नाही.

मग ज्याच्याकडून घेतला त्याला फोन. शेवटचा कधी चालू केला होता, आत काही बदललंय का, टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची. सात दिवसांची बोली असेल आणि कॅबिनेटच्या स्क्रूवर त्याचं स्टिकर असेल तर बाबांनो उघडूच नका, तसाच परत न्या. स्टिकर फाटलं की तो हात वर करणार. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं म्हणा.

आता टेबलावर काय मांडायचं. फुलीचा मध्यम स्क्रू ड्रायव्हर एक, आणि टोकाला लोहचुंबक असेल तर देवच पावला कारण स्क्रू एसएमपीएसच्या खाली पडला की तो काढताना जेवढ्या शिव्या निघतात तेवढ्या दुसऱ्या कशाने निघत नाहीत. रंगाचा कोरा ब्रश, दोन इंची. शाळेतलं पांढरं खोडरबर. एक यू-पिन किंवा जेमक्लिप. टॉर्च, मोबाईलचा नको कारण मोबाईल फोटो काढायला लागतो, काहीही उपसायच्या आधी फोटो काढायचाच. मदरबोर्डसाठी सीआर२०३२ चा एक नवीन सेल, घड्याळवाल्याकडे पण मिळतो. पिवळा स्वस्तातला मल्टिमीटर, तीन-चारशेत येतो आणि सोळाशेचा एसएमपीएस वाचवतो, माझं ऐका. स्क्रू ठेवायला वाटी. आणि नीट चालतेय असं माहीत असलेली एक पॉवर केबल, मॉनिटरची काढून घेतली तरी चालते, दोन्हीची बहुतेक सारखीच असते.

आणि ती केबलच पहिली बदलून बघायची. सुरुवात भिंतीपासून, आतून नाही. बोर्डाच्या त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून बघा लागतो का. एक्स्टेन्शन आणि यूपीएस दोन्ही बाजूला काढून थेट भिंतीत लावा, जुन्या यूपीएसची बॅटरी मेलेली असली की काही यूपीएस लाईट असूनही पुढे सप्लाय देत नाहीत. मागे एसएमपीएसवर छोटा काळा स्विच असतो, एक आणि शून्य लिहिलेला, प्रवासात तो धक्क्याने बंद होतो, हसू नका, मी दोनदा पाहिलंय. आणि फार जुन्या एसएमपीएसवर त्याच्याच शेजारी एक लाल सरकता स्विच असतो ११५ आणि २३० चा. तो २३० वरच आहे ना हे प्लग घालायच्या आधी बघायचं, ११५ वर असताना आपला सप्लाय दिला तर मोठा आवाज येतो, वास येतो आणि पुढचा लेख वाचायची गरज उरत नाही.

अर्थिंगबद्दल जरा थांबून लिहितो. जुन्या घरांमध्ये तीन पिनचं सॉकेट दिसतं पण अर्थची वायर मागे जोडलेलीच नसते, नाहीतर कोणीतरी टू-पिनचा जुगाड करून ठेवलेला असतो. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन बारके कपॅसिटर (विजेचा साठा करणारे भाग) असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला, त्यामुळे अर्थ नसली की कॅबिनेटची बॉडी अधांतरी साधारण निम्म्या व्होल्टेजवर म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी थोडा असतो पण ओल्या पायाने हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर लावला तर मंद पेटतो. लोक म्हणतात "पीसी शॉक मारतो", पीसीचा दोष नाही, वायरिंगचा आहे. अशा घरात आधी वायरमन बोलवा, पीसी नंतर. मावशीच्या हॉलमधल्या सॉकेटला अर्थ नव्हती, किचनच्या सॉकेटला होती, म्हणून आमचं सगळं ऑपरेशन ओट्याशेजारी झालं.

उघडायच्या आधी प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद नाही, आणि मग पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा म्हणजे मदरबोर्डवर उरलेलं चार्जिंग निघून जातं. गंमत म्हणजे कधीकधी एवढ्यानेच पीसी जागा होतो, एसएमपीएस प्रोटेक्शनमध्ये गेलेला असतो तो रिसेट होतो. बॉडीच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. आणि एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. २३० एसीचं आत डीसी होऊन सव्वातीनशे व्होल्ट होतात आणि ते प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ बसून राहू शकतात. पाल मेलेली दिसली जाळीतून तरी सुद्धा नाही. कोकणात दिसते, खरंच, उबेला जाऊन बसतात.

झाकण काढलं की हात नंतर, डोळे आणि नाक आधी. जळका वास कुठून येतो. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूचे उभे नळकांडे कपॅसिटर, त्यांची डोकी सपाट हवीत, फुगलेली किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलेलं नको. साधारण २००० ते २००७ च्या काळातल्या बोर्डांमध्ये हा रोग फार होता. कोपऱ्यात, स्लॉटच्या तळाशी बारीक वाळलेला गाळ दिसतोय का बघा. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं होतं, पुराचं पाणी प्यालेलं मशीन वरून पुसून विकायला ठेवलेलं असू शकतं. गाळ दिसला की पुढे एक रुपया पण घालू नका. पुढच्या यूएसबी पोर्टांमध्ये पण टॉर्च मारा, आतली पिन वाकून पत्र्याला टेकली असेल तर तेवढ्यानेही पीसी उठत नाही.

सगळं ठीक दिसलं तर प्रवासात सैल झालेल्या गोष्टी. आंबा घाटातून आलेल्या मशीनची रॅम काढायची, सोनेरी पट्टी खोडरबरने हलकेच घासायची, ब्रशने स्लॉट झाडायचा, परत दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत बसवायची. मोठा २४ पिनचा प्लग, फार जुन्या बोर्डांना २० पिनचा, दाबून बघायचा, आणि प्रोसेसरजवळचा ४ पिनचा छोटा चौकोनी प्लग, हा लोक हमखास विसरतात. सेल मल्टिमीटरवर ३ च्या आसपास दाखवायला हवा, पार खाली गेला असेल तर बदला. मेलेल्या सेलने बहुतेक वेळा फक्त तारीख-वेळ विसरते पण काही जुने बोर्ड त्यावरही अडून बसतात.

मग मदरबोर्डवर स्टँडबायची बारकी एलईडी लागते का, प्लग लावून. सगळ्या बोर्डांवर ती नसते. मल्टिमीटर डीसी २० वर ठेवा, काळी पिन कॅबिनेटच्या पत्र्याला, लाल पिन २४ पिनच्या प्लगमध्ये मागून जांभळ्या वायरीच्या भोकात. ५ व्होल्ट यायला हवेत, ४.७५ ते ५.२५ चालतं. हे व्होल्टेज पीसी बंद असताना पण असतं, बटण दाबल्याचं मशीनला कळावं म्हणून. इथे शून्य आलं तर एसएमपीएसवर संशय घ्या, ५ आलं तर एसएमपीएस निदान अर्धा तरी जिवंत आहे. मी हे दोन मिनिटांचं काम पहिल्या दिवशी केलं असतं तर सोळाशे वाचले असते.

आता एसएमपीएसला एकट्याला उठवायची युक्ती. प्लग भिंतीतून काढा, एसएमपीएसच्या सगळ्या वायरी मदरबोर्डवरून आणि डिस्कवरून सोडवा, यू-पिन वाकवून २४ पिनच्या प्लगमध्ये हिरव्या वायरीचं भोक आणि शेजारच्या काळ्या वायरीचं भोक जोडा, मग हात बाजूला घेऊन भिंतीचा स्विच चालू. पंखा फिरला पाहिजे. काही जुने एसएमपीएस लोड नसला की उठत नाहीत, तेव्हा जुना डीव्हीडी ड्राइव्ह जोडून बघा. फिरला की पिवळी वायर ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४७ यात आहे का मोजा. सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने भोकं जोडू नका. आणि नुसता पंखा फिरला म्हणजे पास असं नाही, खऱ्या लोडवर व्होल्टेज बसू शकतं. कंपन्यांच्या ऑफिस मशिनांमध्ये आणखी एक भानगड, तिथे बऱ्याचदा २४ पिनांऐवजी ६ किंवा ८ पिनांचा स्वतःचाच प्लग असतो आणि डब्याचं मापही वेगळं, त्यामुळे बाजारात जाताना मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल नंबरचा फोटो न्या. तुमच्या बटणाची लाईट केशरी लुकलुकत असेल तर तीही खूण असते, त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अर्थ दिलेला असतो.

पंखा गिरका घेऊन थांबतो त्यांच्यासाठी वेगळं, तिथे कुठेतरी शॉर्ट आहे. हार्डडिस्क, डीव्हीडी, ग्राफिक कार्ड, पुढच्या यूएसबीच्या वायरी सगळं काढा. फक्त बोर्ड, प्रोसेसर पंख्यासकट, एक रॅम. उठला तर एकेक परत लावत जा. नाही उठला तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून बघा, असेंबल केलेल्या मशीनमध्ये बोर्डखाली एखादा पितळी पाय नको तिथे राहिलेला असतो आणि तो मागून टेकतो. हार्डडिस्क काढलीच आहे तर आत कोणाचा डेटा हवा असेल तो आत्ताच काढून घ्या, फक्त साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती उठत नाही.

पैशाचं पण आधीच ठरवून ठेवा. पीसी साताठ हजारांचा असेल आणि मदरबोर्डच गेलाय असं निघालं, तर त्याच पिढीचा जुना बोर्ड शोधत बसण्यापेक्षा रॅम, डिस्क, प्रोसेसर काढून घ्या आणि दुसरा पीसी बघा. दुरुस्तीला दोन हजाराच्या वर मी तरी जात नाही.

आणि मावशीचा पीसी? जांभळ्या वायरीवर नवीन आणि जुना दोन्ही एसएमपीएस व्यवस्थित ५ दाखवत होते, जुन्याचा यू-पिनवर पंखा फिरत होता. म्हणजे राहिलं काय, तर बटण. पुढच्या पॅनेलमधून येणाऱ्या बारीक वायरी बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात लागतात, त्यातली पीडब्ल्यूआर एसडब्ल्यू (पॉवर स्विच) लिहिलेली जोडी उपसली आणि त्या उघड्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं, शेजारच्या कुठल्या पिनेला न लावता. घर्रर्र करून पंखा सुरू झाला. दहा वर्षं दाबून दाबून प्लॅस्टिकच्या मागचा स्विच मेला होता, पुण्यात शेवटचा चालला आणि घाटात गेला. नवीन स्विच शोधत चौथी चक्कर मारायची माझी तयारी नव्हती, म्हणून रिसेटच्या स्विचची वायर काढून त्या दोन पिनांवर लावून दिली. आता मावशी रिसेटचं बारकं बटण बॉलपेनच्या टोकाने दाबून पीसी चालू करते, आणि मोठं पॉवरचं बटण नुसतं शोभेला आहे. सोळाशेचा एसएमपीएस माझ्याकडे पडून आहे, कोणाला हवा असेल तर सांगा.