ईव्ही घ्यायची की हायब्रिड? बॅटरीचा आणि खर्चाचा हिशोब शोरूमला जायच्या आधी घरीच मांडा

ईव्हीचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच, बॅटरी गेली तर? आणि त्याचं उत्तर देणारे दोनच प्रकारचे लोक भेटतात, एक म्हणणार काही होत नाही बिनधास्त घ्या, दुसरा म्हणणार आठ वर्षांनी भंगार. दोघांचंही ऐकू नका, एक कागद घ्या, विजेचं जुनं बिल घ्या आणि खाली सांगतो तसं स्वतः काढा, एका संध्याकाळचं काम आहे.

सगळ्यात आधी दोन गोष्टी लिहा. वर्षाला तुमची गाडी खरंच किती चालते (अंदाजाने नाही, सर्व्हिस बुकातल्या दोन नोंदींची वजाबाकी करा, बहुतेक लोक स्वतःचं रनिंग जास्तच सांगतात), आणि रात्री गाडी उभी राहते तिथे तुमच्या मीटरवरून वायर येऊ शकते का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल आणि सोसायटी एनओसी देत नसेल तर माझ्या मते ईव्हीचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण रोज पब्लिक चार्जरवर जगायचं म्हटलं की पैसाही जातो आणि वेळही.

आता बॅटरीचं माप. बॅटरीची साइज किलोवॅट-अवरमधे सांगतात, म्हणजेच आपलं वीजबिलातलं युनिट. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ४५ युनिटची. मारुतीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायरायडर, यांच्या स्ट्रॉंग हायब्रिडची (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी आणि मोटर) बॅटरी किती? ०.७६ युनिट. एक युनिटसुद्धा नाही! म्हणजे हायब्रिड बॅटरीवर "चालत" नाही, ती पेट्रोलवरच चालते, बॅटरी फक्त ब्रेकमधे वाया जाणारी ताकद उचलून ट्रॅफिकमधे परत देते. म्हणून सिटीत तिचा फायदा जबरदस्त आणि हायवेवर सलग १०० च्या स्पीडला तो बराच कमी होतो.

याचं एक उदाहरण मला फार आवडतं, बोरघाट. लोणावळा ते खोपोली उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट १६०० किलोची गाडी एवढी खाली आली की जवळजवळ २.४ युनिट एवढी ऊर्जा मोकळी होते, त्यातली हवा आणि टायर खातात ती सोडली तरी ईव्ही एखादं युनिट परत बॅटरीत भरते, म्हणजे सहा-सात किमीची सोय. हायब्रिडची बॅटरी मात्र अर्ध्या घाटातच भरते आणि पुढे इंजिन ब्रेकिंगवर यावं लागतं. तुमचं रनिंग घाटाचं आहे की सिग्नलचं की सरळ हायवेचं हे म्हणून लिहून ठेवा, कंपनीचा मायलेजचा आकडा हे सांगत नाही. तो आकडा टेस्टमधला असतो, ईव्हीच्या क्लेम केलेल्या रेंजच्या ६५ ते ७५ टक्केच धरून चाला.

पुढचा मुद्दा वीजबिलाचा आणि इथेच बहुतेक लोकांचा हिशोब चुकतो. सगळे बिलाची रक्कम भागिले युनिट करतात आणि तो दर गाडीला लावतात. पण महावितरणचे घरगुती स्लॅब आहेत, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. गाडीची युनिटं कायम वरच्या टोकाला लागतात. समजा घरात १८० युनिट लागतात आणि गाडी महिन्याला १००० किमी चालते. युनिटला ७ किमी धरले तर १४३ युनिट, पण चार्जिंग करताना दहा-बारा टक्के वाया जातात म्हणजे मीटरवर १६० च्या पुढे. झाले एकूण ३४०, वरची ४० युनिटं महाग स्लॅबमधे. तर महावितरणच्या साइटवरच्या बिल कॅल्क्युलेटरमधे आधी १८० टाका, मग ३४० टाका, दोन्हीतला फरक भागिले १६०, हा तुमच्या गाडीचा खरा विजेचा दर. तो फार वर गेला तर ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मिळतं, त्याला घरगुती स्लॅब लागत नाहीत, तेही विचारून घ्या. बिलावरचा मंजूर भारसुद्धा बघा, ७ किलोवॅटचा वॉल चार्जर लावायचा तर तो बहुतेकदा वाढवावा लागतो. अर्थिंग चेक केल्याशिवाय चार्जर लावूच नका.

किमीचा खर्च मग असा येतो. विजेचा दर १२ रुपये निघाला तर साधारण २ रुपये, १७ निघाला तर पावणेतीन, फास्ट चार्जरवर जीएसटी धरून युनिटला २२ पडले तर साडेतीन. पेट्रोल १०४ धरा, हायब्रिड २० चं ॲव्हरेज देत असेल तर ५.२० रुपये, साधी पेट्रोल गाडी १४ देत असेल तर ७.४०. आता ऑन-रोड कोटेशनमधला फरक भागिले किमीमागची बचत. ईव्ही ३ लाखांनी महाग आणि किमीला ५ रुपये वाचतात तर ६०,००० किमीला पैसे वसूल. वर्षाला १५,००० चालवणाऱ्याला चार वर्षं, ६,००० वाल्याला दहा. एवढ्या एका भागाकारात अर्धा निर्णय होतो. मुंबई-पुणे सतत असेल तर टोलही धरा, २०२५ च्या महाराष्ट्र ईव्ही धोरणात एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर ईव्ही कारला टोलमाफी आहे, फक्त पैसे कापले जात नाहीत ना ते फास्टॅगच्या मेसेजमधे बघत जा.

आता मुख्य, बॅटरी. ब्लूमबर्ग एनईएफ या संशोधन संस्थेच्या सर्व्हेत २०२३ मधे पॅकची म्हणजे पूर्ण बॅटरीची जागतिक सरासरी किंमत किलोवॅट-अवरला १३९ डॉलर होती, २०२४ मधे ११५. म्हणजे ४५ युनिटचा पॅक साडेचार लाखांच्या आसपास, पण हा कारखान्याचा होलसेल भाव आहे, सर्व्हिस सेंटरला टॅक्स, मजुरी, मार्जिन धरून जास्तच लागणार. आपण ६ लाख धरू, तुम्ही डीलरकडून पार्टची किंमत लेखी मागा. शिवाय पूर्ण पॅकच बदलायचा की खराब मॉड्यूल (पॅकमधला एक भाग) तेवढं बदलून देता हेही विचारा, फरक मोठा आहे.

ती बॅटरी किती चालेल? ४५ युनिटवर गाडी खरोखर २८० किमी जाते असं धरा आणि बॅटरीची फक्त १५०० पूर्ण सायकल धरा, एक सायकल म्हणजे एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरणं (एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी याहून जास्त देतात), तरी ४ लाख २० हजार किमी झाले. घरगुती गाडी एवढी चालतच नाही! म्हणजे तुमची बॅटरी चार्जिंगने झिजून मरणार नाहीये, ती वयाने आणि उष्णतेने म्हातारी होणार. म्हणून कमी चालवली तर बॅटरी वाचते हा समज सोडून द्या. ६ लाख १५ वर्षांवर पसरले तर वर्षाला १२,००० चालवणाऱ्याला किमीला ३.३० रुपये पडतात, ६,००० वाल्याला ६.७०. ही रक्कम गाडीच्या किमतीत आधीच भरलेली आहे, दोनदा मोजू नका, पण कमी रनिंगवाल्याला ईव्ही का महाग पडते ते यातून दिसतं. गाड्यांचा डेटा गोळा करणाऱ्या जिओटॅब कंपनीने हजारो गाड्यांचा डेटा बघून २०२४ मधे सरासरी घट वर्षाला १.८ टक्के सांगितली. त्या हिशोबाने आठ वर्षांनी २८० ची रेंज २४० च्या आसपास येते, भंगार नाही होत.

उष्णतेचं मात्र मनावर घ्या, विशेषतः नागपूर, चंद्रपूर, जळगावकडचे असाल तर. २०१२ मधे अमेरिकेतल्या ॲरिझोनात निसान लीफच्या मालकांनी तक्रारी केल्या होत्या की एक-दोन उन्हाळ्यांत रेंज दिसण्याइतकी घटली, त्या गाडीच्या बॅटरीला लिक्विड कूलिंग (द्रव फिरवून बॅटरी थंड ठेवणं) नव्हतं. तर पहिला प्रश्न हाच विचारा, बॅटरी लिक्विड कूल्ड आहे का. गाडी सावलीत लावा, भर दुपारी फास्ट चार्जिंग नको, आणि १०० टक्के भरून चार दिवस उन्हात सोडून गावाला जाऊ नका. दुसरा प्रश्न केमिस्ट्रीचा, म्हणजे बॅटरी कुठल्या प्रकारची. एलएफपीत निकेल-कोबाल्ट नसतं, ती उष्णता जास्त सोसते, वजनाला जड. तिला मधूनमधून १०० टक्के चार्ज करावंच लागतं नाहीतर टक्क्यांचा आकडा चुकीचा दाखवते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली) असेल तर रोजचं ८० टक्क्यांवर थांबवा.

वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा. पूर्वीपासून चालत आलेली म्हणजे ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी. आता टाटा आणि महिंद्रा काही मॉडेलवर लाइफटाइम देतात, टाटाच्या कागदात लाइफटाइम म्हणजे १५ वर्षं, आणि ती पहिल्या खाजगी मालकालाच, गाडी विकली की पुढच्याला कमी मिळते. बॅटरी किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार हा आकडा लेखी घ्या, पाणी शिरलं तर काय तेही. बॅटरी भाड्याने घेण्याची स्कीम असेल (एमजीची विंडसर २०२४ मधे किमीला साडेतीन रुपयांवर आली होती) तर ते एक प्रकारचं कर्जच समजा आणि महिन्याला कमीत कमी किती किमीचे पैसे भरावेच लागतात ते विचारा. सेल्समन ईव्हीच्या कर्जाच्या व्याजावरची इन्कम टॅक्सची ८० ईईबी कलमाची सूट सांगत असेल तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

सेकंड हँड ईव्ही बघत असाल तर डॅशबोर्डवरच्या रेंजवर अजिबात जाऊ नका, ती चालवण्याच्या पद्धतीवर बदलते. मालकाला विनंती करून गाडी २० टक्क्यांवर आणा, मीटरचं रीडिंग लिहा, स्लो चार्जरवर ८० टक्के करा, परत रीडिंग घ्या, मधे घरातलं बाकी काही मोठं चालू नको. ४५ युनिटच्या चांगल्या बॅटरीला या ६० टक्क्यांसाठी मीटरवर ३० च्या आसपास युनिट लागतील. २६ लागली तर बॅटरी जवळपास १५ टक्के उतरली आहे, भाव तसा करा. त्याहून कमी लागली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी हेल्थचा रिपोर्ट काढून आणायला सांगा, आणि मालक टाळाटाळ करत असेल तर ती गाडी सोडा.