आपण इतरांशी कसे वागतो, हे कसे मोजावे?

एखाद्याविषयी ‘स्वभावाने चांगला आहे’ किंवा ‘जरा तापट आहे’ एवढे म्हणून आपण थांबतो. पण तोच माणूस चारचौघांत पुढाकार घेतो की मागे राहतो, आणि समोरच्याला जवळ करतो की चार हात दूर ठेवतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळेच मोजावे लागतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातील सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात या दोन प्रश्नांची सांगड घालून परस्परसंबंधांचे वर्तुळ मांडले. पुढे १९७९ मध्ये जेरी विगिन्स यांनी विशेषणांच्या मोजपट्ट्या तयार करून त्याला काटेकोर रूप दिले. कागद, पेन्सिल आणि साधी बेरीज-वजाबाकी एवढ्या सामग्रीवर ही पद्धत समजून घेता येते.

वर्तुळ आखा. कागदावर वर्तुळ काढून नकाशाप्रमाणे आठ दिशा लिहा. उत्तरेला वर्चस्व, दक्षिणेला नमते घेणे, पूर्वेला जिव्हाळा आणि पश्चिमेला कोरडेपणा. मधल्या दिशांत दोन्ही गुण मिसळतात: ईशान्येला मोकळेपणाने मिसळून पुढे होणारा, आग्नेयेला भिडस्त, नैर्ऋत्येला अलिप्त व अबोल, तर वायव्येला कुरघोडी करणारा माणूस येतो.

विधाने तयार करा. प्रत्येक दिशेसाठी चार, अशी एकूण ३२ विधाने लिहा आणि १ (कधीच नाही) ते ५ (नेहमी) असे गुण ठेवा. विधानात विशेषण नको, वागणे हवे. ‘मी प्रेमळ आहे’ याला कोण नाही म्हणेल? त्याऐवजी ‘कोणी आजारी पडल्यास मी आपणहून चौकशी करतो’ असे लिहावे. आग्नेयेसाठी ‘पटले नसले तरी समोरच्याचे मन मोडू नये म्हणून मी हो म्हणतो’ हे विधान चालेल. मात्र ‘मी वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाही’ हे विधान दिसायला योग्य असले, तरी आपल्या घरांत ते वापरू नये, कारण तेथे होकार देणारा माणूस बहुधा स्वतःचा स्वभाव नव्हे, घरातली रीत सांगत असतो. ज्या विधानाला सगळेच सारखे उत्तर देतील, त्याने माणसामाणसांतला फरक मोजता येत नाही. स्वतः विधाने लिहिण्याचा आत्मविश्वास नसेल, तर शार्लट आणि पॅट्रिक मार्की यांनी २००९ मध्ये सादर केलेली, सर्वांना विनामूल्य वापरता येणारी ३२ विधानांची इंग्रजी प्रश्नावली आधाराला घ्यावी.

दुसऱ्यांकडूनही भरून घ्या. ही पायरी कृपया गाळू नका. आपण इतरांशी कसे वागतो याचे निम्मे ज्ञान त्या इतरांकडेच असते. घरातील एक, कामाच्या ठिकाणचा एक आणि जुन्या मैत्रीतला एक अशा तिघांना तीच विधाने तुमच्याविषयी भरायला द्या. उत्तरे एकमेकांना दाखवायची नाहीत, हे आधीच ठरवा. हाताखालच्या माणसाला शक्यतो विचारू नका, कारण त्याला खरे लिहिणे अवघड जाते.

गुण काढा. प्रत्येक दिशेच्या चार विधानांची सरासरी काढून पुढील सूत्रांत घाला.

वर्चस्व = उत्तर − दक्षिण + ०.७ × (ईशान्य + वायव्य − आग्नेय − नैर्ऋत्य)

जिव्हाळा = पूर्व − पश्चिम + ०.७ × (ईशान्य + आग्नेय − वायव्य − नैर्ऋत्य)

तिरक्या दिशा दोन्ही अक्षांपासून ४५ अंशांवर असतात, म्हणून त्यांचा प्रत्येक अक्षावरचा वाटा सुमारे ०.७ धरतात. समजा, एकाची सरासरी उत्तर ४, ईशान्य ४.५, पूर्व ४, आग्नेय ३, दक्षिण २, नैर्ऋत्य २, पश्चिम १.५ आणि वायव्य २.५ आली. त्याचे वर्चस्व ३.४ आणि जिव्हाळा ४.६ होतो. जिव्हाळा आडव्या आणि वर्चस्व उभ्या अक्षावर मोजून बिंदू मांडला की तो ईशान्येच्या पट्ट्यात, किंचित पूर्वेकडे झुकलेला दिसतो. बिंदू केंद्रापासून जितका दूर, तितकी ती वागण्याची तऱ्हा ठळक. केंद्राजवळचा बिंदू मात्र कोणत्याच एका दिशेचा ठाम कल दाखवत नाही. या सूत्रांचा मोठा गुण असा की समोरासमोरच्या दिशा एकमेकींतून वजा होत असल्याने, प्रत्येक विधानाला सढळ हाताने गुण देणाऱ्याची ती सवय हिशेबातून आपोआप निघून जाते.

प्रसंगांची नोंद ठेवा. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डेबी मॉस्कोविट्झ यांनी रोजच्या भेटीगाठींनंतर लगेच नोंद करण्याची पद्धत रुजवली. माहेरी घरभर हसत-बोलत वावरणारी, पण सासरी मोजकेच बोलणारी स्त्री प्रश्नावली भरताना कोणते घर डोळ्यांपुढे ठेवते, यावर तिचे गुण बदलतील. म्हणून दोन आठवडे, पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेल्या प्रत्येक संभाषणानंतर कोणाशी बोललो, मी कितपत पुढाकार घेतला, किती आपुलकीने वागलो आणि समोरचा कसा वागला, एवढे लिहावे. मग माणसानुसार वेगळी सरासरी काढावी. वरिष्ठांसमोर दक्षिणेला आणि मुलांसमोर उत्तरेला जाणारा बिंदू हा मोजणीतला दोष नसून बहुधा सर्वांत उपयोगी माहिती असते.

जोडीने वाचा. या वर्तुळाच्या अभ्यासकांचा एक जुना सिद्धान्त असा की जिव्हाळ्याला सहसा जिव्हाळाच मिळतो, तर वर्चस्वापुढे समोरचा बहुधा नमते घेतो. नोंदींत समोरच्याचा रकाना याचसाठी आहे. आपल्या बोलण्यानंतर लोक वारंवार गप्प होत असतील, तर ते भिडस्तच आहेत असे मानण्यापूर्वी आपले वर्चस्वाचे गुण पाहावेत. अशा घरगुती मोजणीवरून कोणाची नेमणूक किंवा लग्न ठरवू नये. त्यासाठी ती पुरेशी पारखलेली नसते. तुमच्या आणि इतरांच्या उत्तरांत ज्या दिशेला सर्वाधिक तफावत दिसेल, तेवढी एकच दिशा निवडा आणि गुणांवरून वाद न घालता त्या व्यक्तीला विचारा, ‘असे वाटायला लावणारा एखादा प्रसंग सांगशील का?’